दादा कोणत्या रमजानात वारले?

गेल्या वर्षी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ आली. फांद्या फुटलेला शजरा, आणि सगळ्यात वर माझ्या दादांचं, म्हणजे अब्बांच्या वडिलांचं नाव. नावाखाली लिहिलेलं : मृत्यू १९६६, बॉम्बे. पाठोपाठ माशाल्लाहची रांग लागली. कुणी मगफिरतची दुआ केली, कुणी विचारलं की माझ्या धाकट्याचं नाव का नाही. मीही दुआचे हात टाकले आणि कामाला लागले.

मला खटकलं ते रात्री. दादा बॉम्बेत वारले नव्हते. पनवेल तालुक्यातल्या आमच्या गावी, स्वतःच्या घरात वारले. अब्बा तेव्हा सात वर्षांचे होते. जनाजा उचलला तेव्हा आपल्याला शेजारच्या घरात बसवून ठेवलं होतं, एवढं त्यांना आठवतं. जागा चुकीची असेल तर साल तरी बरोबर कशावरून?

हा शजरा हौसेने बनवलेला नव्हता. आमच्या गावची जमीन नवी मुंबईसाठी गेली. तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, आणि आता तो बिल्डरला द्यायचं चाललं आहे. वकिलाने वंशावळीचं प्रतिज्ञापत्र मागितलं. माझ्या एका चुलत भावाने वंशावळीच्या एका संकेतस्थळावरून झाड उतरवलं, प्रिंट मारली आणि कागदांना जोडून दिली. काम झालं.

या झाडात माझ्या फुफीच्या नावापुढे फक्त ‘१९६५’ एवढंच आहे. त्यापुढची फांदीच नाही. फुफीला तीन मुलं. मोठे भाईजान आज साठीच्या पुढे आहेत, मुंब्र्याला राहतात. त्यांचं नाव नाही, त्यांच्या दोन बहिणींचंही नाही. मी मोठ्या चाचांना फोन केला. चाचा शांतपणे म्हणाले, “बेटा, तुझी फुफी दादांच्या आधी गेली. आधी गेलेल्याचा हिस्सा नसतो. शरीयत आहे.”

चाचा चुकीचं सांगत नव्हते. आपल्याकडे सुन्नी वारसा कायद्यात बापाआधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं, बापाला दुसरे मुलगे असतील तर, वारसातून बाहेर पडतात. मुलगी बापानंतर एक दिवस जरी जगली तरी मुलाच्या निम्मा हिस्सा तिचा होतो आणि तिच्यामागे तो तिच्या वारसांना जातो. (अनाथ नातवंडांवरचा हा अन्याय इजिप्तने १९४६ च्या मृत्युपत्राच्या कायद्यात सक्तीच्या वसीयतीची वाट काढून कमी केला, पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकुमातल्या चौथ्या कलमाने. आपल्याकडे त्यावर बोललं की लोक दुसराच विषय काढतात.) तेव्हा सगळा प्रश्न एवढाच उरतो, की आधी कोण गेलं, दादा की फुफी? म्हणजे मरणाच्या दोन तारखा. त्यातली एक एका संकेतस्थळाने दिली होती आणि दुसरी कुणीच दिली नव्हती.

घरात दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत आहे. दादा रमजानात, सत्तावीसाव्या रात्री गेले. आणि फुफी पासष्ट सालच्या पावसाळ्यात, पाकिस्तानशी लढाई सुरू व्हायच्या आधी, बाळंतपणात गेली. दादांचं सालही म्हातारी माणसं पासष्टच सांगतात, मग झाडात सहासष्ट कुठून आलं? हिजरी आणि इंग्रजी कॅलेंडर मांडून बसले तेव्हा घोळ कळला. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे बत्तीस-तेहतीस वर्षांतून एकदा एकाच इंग्रजी वर्षात दोन रमजान लागतात. १९६५ तसंच वर्ष होतं. एक रमजान जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला, दुसरा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. दुसऱ्याची सत्तावीसवी रात्र येते जानेवारी १९६६ मध्ये. (तुमच्या आयुष्यात हे २०३० साली होईल. तेव्हा घरात कुणी गेलं, तर तारीख लिहून ठेवा.)

पहिला रमजान धरला तर दादा फुफीच्या पाच-सहा महिने आधी गेले. दुसरा धरला तर फुफी आधी. तीन मुलांचा हिस्सा या दोन रमजानांच्या मध्ये अडकला होता.

मग १९६६ लिहिलं कोणी, याच्या मागे लागले. तीच तारीख मला आणखी तीन ठिकाणी सापडली. माणसाला वाटतं, चार ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार. पण चारही ठिकाणी ‘बॉम्बे’ होतं, आणि चारही ठिकाणी आडनावातलं एक अक्षर सारखंच चुकलेलं होतं. एकाच्या झाडावरून दुसऱ्याने उचललं, दुसऱ्यावरून तिसऱ्याने. सगळ्यात जुनं झाड २०१४ सालचं निघालं, आणि ते लावलं होतं आमच्याच कुवेतच्या चुलत भावाने. त्याला विचारलं तर म्हणाला, “आपा, त्या फॉर्ममध्ये काहीतरी साल टाकल्याशिवाय मला पुढे जाता येत नव्हतं. अंदाजाने टाकलं.” बॉम्बे? “ते यादीतून निवडायचं होतं.” त्याचा अंदाज अकरा वर्षं जगभर फिरला आणि पुरावा होऊन आमच्याच ग्रुपवर परत आला.

आपल्याला हे नवं नाही, खरं तर. मदरशात गेलेल्या प्रत्येकाने सनद हा शब्द ऐकलाय. हदीस सांगणाऱ्याला विचारायचं : तू कुणाकडून ऐकलंस, त्याने कुणाकडून? अस्मा-उर-रिजालच्या ग्रंथांत हजारो रावींची चरित्रं आहेत, आणि त्यात मृत्यूचं साल मुद्दाम नोंदलेलं असतं, कारण एक रावी दुसऱ्याला भेटू शकला असता का, हे त्यावरून पडताळायचं असतं. मरणाच्या तारखेने साखळी तपासायची ही रीत आपल्याकडे हजार वर्षांपेक्षा जुनी आहे. आणि आपण दादांच्या मरणाची तारीख सनद न विचारता स्क्रीनशॉटवरून घेतो.

आता खरी नोंद कुठे असते, ते सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी या शोधात पडणार. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा, लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याच्या आधी गावातल्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये होत. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा हीच बुकं कपाटांतून बाहेर निघाली, स्कॅन झाली, काही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरही चढली. आपल्यातल्या तांबोळी, बागवान, मोमीन, अत्तार मुलांना ही बुकं चांगली ठाऊक आहेत. ओबीसी पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि पणजोबांच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं सापडतं. रायगडच्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवावं : १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड टाकून शोधलंत तर दादा-परदादा सापडायचे नाहीत. आणि नावं! महंमद, महमद, मोहम्मद, मुहम्मद, म., मो. ही सगळी एकाच माणसाची रूपं असू शकतात. संगणकाला मात्र ती सहा वेगवेगळी माणसं वाटतात.

दादांची नोंद मिळायला चार फेऱ्या लागल्या. कुठल्या कार्यालयात, ते लिहीत नाही. तिथल्या एका कर्मचारीबाईंनी धूळ खात पडलेला गठ्ठा स्वतः सोडून दिला. जानेवारी १९६५. नाव मोडक्या अक्षरात, पण बापाचं नाव बरोबर, वय बरोबर. तारीख मात्र घरच्या हिशोबापेक्षा एक दिवस अलीकडची. तीही चूक नाही. मगरिबनंतर आपला दिवस बदलतो, सरकारचा मध्यरात्री बदलतो. त्या एका रात्रीच्या दोन तारखा होणारच.

फुफीची नोंद काही मिळेना. तिचं सासर त्याच जिल्ह्यातलं, पण दुसऱ्या तालुक्यात. तिथल्या जुन्या नोंदींची यादी संगणकावर केलेली होती. फुफीच्या नावाने काही नाही. तिच्या बापाच्या नावाने काही नाही. शेवटी कंटाळून फुफांचं नाव टाकलं आणि लगेच नोंद आली : जुलै १९६५, पुरुष, वय २४, मृत्यूचं कारण बाळंतपण.

मी दोनदा वाचलं. फुफा २००३ मध्ये वारले. लहानपणी त्यांनी मला ईदी दिलेली आहे, पाच रुपयांच्या कोऱ्या नोटा. आणि इथे ते चोविसाव्या वर्षी, बाळंतपणात मेलेले.

मूळ पान काढून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. नावाच्या रकान्यात फुफांचं पूर्ण नाव आणि त्यापुढे, ओळ संपली म्हणून खाली, दोन शब्द : ‘यांची बायको’. यादी करणाऱ्याने पहिली ओळ टाइप केली, दुसरी सोडली आणि नाव पुरुषाचं म्हणून ‘पुरुष’ निवडलं. रजिस्टर लिहिणाऱ्याने तिचं नाव विचारलं नव्हतं, किंवा खबर द्यायला गेलेल्या माणसाने सांगितलं नव्हतं. नवरा यादीत मेला आणि बायको मेलीच नाही, कारण कागदावर ती कधी नव्हतीच.

तेव्हापासून मी ऑनलाइन नोंदीवर रागावणं कमी केलंय. यंत्राने फक्त आपलीच चूक पुढे नेली. आजही ती चालू आहे. आमच्याकडच्या एका कब्रस्तानाची वही मी पाहिली, २०१० नंतरची. पुरुषांची नावं आहेत. बायकांच्या जागी ‘अमुक की वालिदा’, ‘तमुक की अहलिया’, आणि एका ठिकाणी नुसतंच ‘जनाना मय्यत’. ट्रस्टी भले माणूस आहेत. म्हणाले, मय्यतीच्या घरात बायकांचं नाव विचारणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, चाचा, हजरत खदीजा, हजरत आयेशा, हजरत फातिमा यांची नावं आपण मुलींना ठेवतो ती कुणीतरी घेतली म्हणूनच ना? ते हसले, पण वहीत रकाना वाढवायचं काही बोलले नाहीत. आपल्या बहुतेक कबरी कच्च्या, त्यांवर दगड नाही. काही वर्षांनी त्याच जागेत दुसरी मय्यत. कबरींचे फोटो गोळा करणारी जी संकेतस्थळं आहेत, त्यांत आपली माणसं फारशी सापडणार नाहीत, ती याच कारणाने. मग उरते ती वही, आणि वहीत निम्मी माणसं बिननावाची.

क्यूआर कोड असलेला दाखला मिळाला की आपल्याला वाटतं, आता प्रश्न मिटला. तो कोड एवढंच सांगतो की कागदावर जे आहे तेच सरकारच्या संगणकात आहे. संगणकात आहे ते खरं आहे का, हे तो सांगत नाही. बिहारमध्ये २०२५ साली मतदार यादीचं विशेष पुनरीक्षण झालं. प्रारूप यादीतून पासष्ट लाखांच्या आसपास नावं गळाली, त्यातली बरीच ‘मृत’ म्हणून. आणि ऑगस्टमध्ये योगेंद्र यादवांनी सर्वोच्च न्यायालयात अशी दोन ‘मृत’ माणसं उभी केली. जिवंत माणूस कोर्टात तरी उभा राहू शकतो. साठ वर्षांपूर्वी गेलेली फुफी कशी येणार?

उलट उदाहरणही आहे, आणि ते आपल्या कोकणातल्याच घरांचं आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशी गृहात आहे. त्यांत कोकणी मुसलमानांची नावं आहेत. राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाच्या संकेतस्थळावर ही नावं शोधता येतात. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेलं, त्यामुळे जीभ वळवून वाचावं लागतं. पण कित्येक नोंदींसोबत मूळ रजिस्टरच्या पानाची प्रत असते. म्हणजे मी कारकुनाची चूक पाहू शकते, त्यावर वाद घालू शकते. ऑनलाइन नोंदीकडून मला एवढंच हवंय : पान दाखवा. नुसता टाइप केलेला रकाना असेल तर तो पत्ता समजावा, पुरावा समजू नये. आणि पान मिळालं की आधी खबर कुणी दिली ते बघावं. खबर देणारा सख्खा होता की गावचा कोतवाल, यावर पुढचं सगळं ठरतं.

आमच्या घरात एकाने दुसरा उपाय सुचवला. फुफीची नोंद ‘नावानिशी नव्याने’ करून घेऊ, तारीख सोयीची टाकू, ओळखीचा माणूस आहे. ‘सोयीची’ म्हणजे कुणाच्या सोयीची, हे त्याने सांगितलं नाही. मी या गोष्टीच्या सक्त विरोधात आहे. वर्षाहून जुनी नोंद आता जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही; २०२३ च्या दुरुस्तीने हे ठरलं, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालं. २०२५ मध्ये मालेगावच्या जन्मदाखल्यांवरून राज्यात तपास पथक बसलं, उशिराच्या नोंदींचे नियम कडक झाले, आणि बोटं आपल्याकडे वळली. खऱ्या गरजेने अर्ज केलेले किती गरीब त्यात भरडले गेले, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. पण अशा दिवसांत एक खोटी तारीख करून घेणं म्हणजे शेजारच्या दहा खऱ्या कागदांवर संशय ओढवून घेणं.

कायद्याच्या पंधराव्या कलमात मला एक गोष्ट आवडते. चुकीची नोंद खोडायची नाही. मूळ तशीच ठेवायची, दुरुस्ती समासात लिहायची, खाली सही आणि तारीख. चूकही दिसते, ती सुधारणाराही दिसतो. १९७० पूर्वीच्या बुकाला ते कलम लागेल का, यावर वकील वेगवेगळं बोलतात. मी यादीतली चूक दुरुस्त करावी असा साधा अर्ज दिलाय, पानाच्या फोटोसह.

फुफीचं नाव शेवटी कुठे मिळालं, ते सांगायचं राहिलं. घरात दोन नावं सांगत होते, एक लाडाचं, एक खरं, आणि खरं कोणतं यावर दोन म्हाताऱ्यांत भांडण. गावच्या काझींच्या घरी निकाहच्या जुन्या वह्या आहेत. त्यांच्या नातवाने मोबाइलच्या उजेडात पानं उलटली. १९५९, नवरा, नवरी, दोघांचे वडील, साक्षीदार, मेहर सव्वाशे रुपये. निकाहला नवरीचं नाव घ्यावंच लागतं, कबूल तिलाच करायचं असतं. सगळ्या कागदांत तिचं स्वतःचं नाव असलेला हा एकच. मी फोटो काढला आणि तो मुंब्र्याला भाईजानना पाठवला. त्यांचा फोन आला. हिश्शाचं एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, अम्मीचं नाव असं लिहायचे होय, मी आजवर शाळेच्या कागदांवर दुसरंच लिहीत आलो.

साठ वर्षांनंतर कायद्याने त्यांना काही मिळेल का, मुदतीचा मुद्दा आडवा येईल का, हे वकील पाहतील. शजरा मी नव्याने बनवला. दादांच्या नावाखाली : जानेवारी १९६५, गाव नमुना १४, पान पाहिले. फुफीच्या नावाखाली : जुलै १९६५, नोंद नवऱ्याच्या नावाने, नाव निकाहच्या वहीतून. तिच्याखाली तीन फांद्या. कुवेतच्या भावाने त्याचं झाड त्याच रात्री दुरुस्त केलं. बाकीच्या तीन ठिकाणी अजून १९६६ आहे. नवी पीडीएफ ग्रुपवर टाकून तीन आठवडे झाले. मोठ्या चाचांनी काही लिहिलेलं नाही. पाहिली आहे त्यांनी, निळ्या खुणा दिसतात.